पायली द्यायची तर शिगेसकट

घरात जुनी वस्तू निघाली की आमच्याकडे दोनच सल्ले मिळतात. एक, भंगारवाल्याला दे. दोन, म्युझियमला देऊन टाक. सल्ला कोणताही असो, देणाऱ्याचा सूर एकच: अडगळ जाऊ दे एकदाची.

माझं जळगावजवळ नशिराबादला भुसार मालाचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. आता धंदा मुलगा बघतो. मी गल्ल्यावर बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलतो. दुकानाच्या माळ्यावर मापांची उतरंड पडून होती: पायली, अडशेरी, शेर, मापटं, चिपटं, कोळवं. लोखंडी पत्र्याची मापं, काठाला पितळी पट्टी. १९५६ च्या कायद्याने दशमान मापं आली, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने बाजारात रुळली, आणि आजोबांनी ही सगळी उतरंड गोणपाटात बांधून वर टाकली. मुलगा म्हणाला, "अण्णा, म्युझियमला देऊन टाका." माझी भाची पुण्यात डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकते. तिला फोन लावला. वाटलं, पोरगी खूश होईल, गाडी पाठवते म्हणेल.

ती म्हणाली, "मामा, मापं राहू द्या माळ्यावर. आधी मला तुम्हीच पाहिजे."

दिवाळीला घरी आली ती फूटपट्टी, वही आणि फोनवरचा रेकॉर्डर घेऊन. पायली हातात घेतली, उलटी केली, बुडावरून बोट फिरवलं. "बूड आत का दबलंय?" मी सांगितलं, बुडाला बाहेरून ठोका दिला की माप तेवढंच दिसतं, पण धान्य कमी मावतं. म्हणून छाप मारायला येणारा अंमलदार आधी बूड बघायचा. आमची पायली आजोबांनी ठोकली की पोत्यांखाली दबली, ते देवाला ठाऊक. तिने तेही लिहून घेतलं. काठाखाली छापांची रांग होती, काही पुसट, काही एकमेकांवर चढलेले. त्यांचे फोटो काढले. मग विचारलं, "मापताना शीग लावायचे की वरून हात फिरवायचे?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता, आणि उत्तर द्यायला संध्याकाळ पुरली नाही. शेंगा शिगेने, डाळ हात फिरवून. ज्वारीची शीग उभी राहते, तिळाची घसरते. शेतकऱ्याकडून घेताना शीग आणि गिऱ्हाइकाला देताना सपाट, असा धंदा करणारेही होते. त्यांचे वाडे कसे उभे राहिले हे गावाला माहीत होतं. पहिलं माप टाकताना 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. आमच्या शेजारचे मुसलमान व्यापारी 'बरकत' म्हणायचे. वडील सांगायचे, हात पोत्यावरून उठेपर्यंत तोंडातला आकडा थांबता कामा नये, नाहीतर मोजणी चुकते आणि भांडण होतं.

आता बघा. पायली नुसतीच कपाटात ठेवली तर तिच्यात किती मावतं ते पाणी ओतून कोणीही काढील. शीग कुठून काढणार? ती मापणाऱ्याच्या हातात होती. मापणारा गेला की गेली. विद्यापीठाच्या संग्रहालयाला मदत करायची म्हणजे काय, याचं माझ्यापुरतं उत्तर त्या संध्याकाळी मिळालं: वस्तू सगळ्यात शेवटी द्यायची. आधी तिची हकिकत द्यायची, मग आपला वेळ, मग जमेल तसा पैसा.

विद्यापीठाचं संग्रहालय आणि शहरातलं नेहमीचं संग्रहालय यांत फरक आहे. शहरातलं बघायला असतं, विद्यापीठातलं शिकायला. तिथली वस्तू विद्यार्थी हातात घेतात, मोजतात, तिच्यावर वाद घालतात, प्रबंध लिहितात. लोकांना बघायला मिळतं तेही, पण कपाटात मांडलेल्यापेक्षा खणांत, पेट्यांत ठेवलेलंच जास्त असतं. इंग्लंडात ऑक्सफर्डला १६८३ मध्ये अ‍ॅश्मोलियन उघडलं, ते याच विचाराने. त्याच गावात पिट रिव्हर्स नावाच्या सेनाधिकाऱ्याने १८८४ च्या सुमारास आपला प्रचंड संग्रह विद्यापीठाला दिला तेव्हा अट घातली: मानववंशशास्त्राचा अध्यापक नेमा. त्या अटीमुळे एडवर्ड टायलर तिथे तो विषय शिकवू लागले. दान देणाऱ्याने वस्तूंबरोबर शिकवणारा माणूस मागितला. आमच्याकडे देणगीदार आधी फरशीवर नाव कोरायला सांगतात, हे ध्यानात घेतलं तर त्या माणसाचं कौतुक वाटतं. आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठाने १९३७ मध्ये आशुतोष संग्रहालय काढलं. भारतीय विद्यापीठातलं लोकांसाठी खुलं असं ते पहिलं.

महाराष्ट्रात या बाबतीत डोळ्यांपुढे येतं ते भाचीचं डेक्कन कॉलेज. मूळ १८२१ ची संस्कृत पाठशाळा. १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून ती पुन्हा उभी राहिली आणि हसमुख सांकलिया तिथे पुरातत्त्व शिकवायला आले. १९९० मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिथे दोन संग्रह आहेत: एक उत्खननातल्या वस्तूंचा, दुसरा मराठ्यांच्या इतिहासाचा. दुसऱ्याची मुळं साताऱ्यात आहेत. दत्तात्रेय बळवंत पारसनीस या एका माणसाने आयुष्यभर जुनी कागदपत्रं, चित्रं, नकाशे गोळा केले. १९२६ मध्ये ते गेले, आणि १९३९ मध्ये तो संग्रह पुण्यात या संस्थेत आला. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात वि. स. खांडेकरांचं स्मृतिसंग्रहालय आहे, तिथे त्यांच्या वापरातल्या वस्तू ठेवल्या आहेत. दोन्हीकडे आधी कोणीतरी जपलं, विद्यापीठ नंतर आलं.

मला डेक्कन कॉलेजात ओढ वाटली ती दाण्यांची. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला १९६८ ते १९८३ अशी लांबलचक खोदाई झाली, आणि तिथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांत जळलेले धान्याचे दाणे सापडले. मुख्य पीक जवाचं. मी भाचीला विचारलं, तीन हजार वर्षं दाणा टिकला कसा? आमच्या कोठारात तर सहा महिन्यांत सोंडे लागतात. ती म्हणाली, जळला म्हणून टिकला. दाण्याचा कोळसा झाला की त्याला कीड लागत नाही, तो कुजत नाही, आकार मात्र बराचसा तसाच राहतो. म्हणजे जे धान्य जळलं तेच आपल्याला कळतं. असे दाणे ओळखताना आजच्या दाण्याशी ताडून पाहावे लागतात, आणि त्यासाठी गावोगावच्या देशी वाणांचे नमुने लागतात. देशी ज्वारीचं, जुन्या बाजरीचं, कुळथाचं मूठभर बी कोणी सांभाळलं असेल, तर त्याचा उपयोग हा असा. चिठ्ठीवर गाव, शेताचं नाव, वाणाचं घरगुती नाव आणि वर्ष लिहायचं, एवढंच. वनस्पतिशास्त्राच्या बहुतेक विभागांत वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह असतो, त्यालाही नियम हाच. चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे पालापाचोळा.

आता खान्देशाचं. आपल्याकडची माती फार जुनी आहे, पण आपण ती धाब्यावर घालतो. तापीकाठच्या सावळद्याचं नाव एका अख्ख्या संस्कृतीला मिळालं आहे: सावळदा संस्कृती, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची. साक्री तालुक्यातल्या कावठ्याला १९८० च्या दशकात डेक्कन कॉलेजने खोदाई केली, तिथे याच लोकांची वस्ती निघाली. चाळीसगाव तालुक्यात पाटण्याला एस. ए. साळी यांना शहामृगाच्या अंड्याच्या टरफलाचे मणी सापडले, आणि रेघा कोरलेला टरफलाचा एक तुकडा. वय सुमारे पंचवीस हजार वर्षं. खान्देशात शहामृग! मी दुकानात हे सांगितलं तर गिऱ्हाईक हसलं.

याच पाटण्याची दुसरी गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. तिथे शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ चा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाडांनी १८६५ मध्ये तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांनी मठ काढला. स्थानिक निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, हे सगळीकडे असतं तसंच. पण लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात बाजार आहे. पाटण्यात जो माल विकला जाईल त्यावर राजाला मिळणारा गिऱ्हाइकाकडचा हिस्सा मठाला. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांकडून पळी पळी तेल. आणि इथे जे काही मापलं जाईल ते मठाच्या मापाने मापावं; मापाई अर्धी मठाची, अर्धी मापाऱ्याची.

आठशे वर्षांपूर्वी खान्देशातल्या एका बाजाराने गणिताच्या शाळेला असं पोसलं. कोणी एकाने लाख मोहरा दिल्या असं नाही. तेल्याने तेल दिलं, वाण्याने मापाई दिली, गिऱ्हाइकाने सुपारी. ज्याच्या हाती जे, ते त्याने थोडं थोडं आणि रोज दिलं. मापाऱ्याचा अर्धा वाटा शाबूत ठेवला, हे मला विशेष आवडलं. काम करणाऱ्याच्या पोटावर पाय देऊन धर्मादाय करायचा नाही, हे त्या लेख लिहिणाऱ्याला कळत होतं. आजच्या कितीतरी समित्यांना ते कळत नाही. त्यांना सगळे स्वयंसेवक फुकट हवे असतात, चहासुद्धा न पाजता.

तेव्हा आजची पळी कोणती? माझ्या मते सगळ्यात मोलाची पळी म्हणजे ओळखणारा माणूस. संग्रहालयाच्या दाखल नोंदवहीत प्रत्येक वस्तूला क्रमांक असतो, पुढे वर्णन. 'लोखंडी अवजार, उपयोग अज्ञात' अशी नोंद ज्या वस्तूपुढे आहे, ती आमच्याकडच्या म्हाताऱ्या सुताराला दाखवा. तो सांगेल, हे पाभरीचं आहे की वखराचं, आणि काळ्या रानातलं की बरड्यावरचं. अहिराणी आणि लेवा बोलीत अवजाराच्या दर भागाला शब्द आहे, तो ध्वनिमुद्रित करून द्यायला शेतकरी पुरे, पदवी लागत नाही. असोदे, म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरींचं माहेर, आमच्या गावापासून जवळच. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी उतरवून घेतली म्हणून १९५२ मध्ये ती पुस्तकात आली. जळगावच्या आपल्या विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचं नाव मिळालं. उतरवून घेणारं कोणी नसतं तर नाव द्यायलाही काही उरलं नसतं.

मोडी येणाऱ्यांना तर काम शोधावं लागत नाही. जुन्या घरांतल्या रुमालात खरेदीखतं, गहाणखतं, वह्या पडून आहेत. मोडी शिकायची असेल तर राज्याचा पुराभिलेख विभाग वर्ग घेतो. आणि कागद द्यायचेच असतील तर पुण्यापर्यंतही जावं लागत नाही. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच गेले, आणि त्यांच्या मागे त्यांच्या कागदांसाठी लोकांनी ते उभं केलं. ते विद्यापीठाचं नव्हे, पण विद्यापीठांचे अभ्यासक ज्याच्यावर उभे राहतात त्यांतलं आहे.

तरुण पोरांसाठी एक सुचवतो. १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजना आहे. पोरांना वर्षाला १२० तास समाजकाम करायचं असतं. रस्ता झाडून फोटो काढण्यापेक्षा त्यातले काही तास गावातल्या ऐंशीच्या पुढच्या माणसांसमोर बसून काढा. प्राध्यापकाकडून प्रश्नावली घ्या, विभागाला विचारा की तुम्हाला कशाची नोंद हवी आहे. १८ मे हा जागतिक संग्रहालय दिन असतो. जळगावच्या मे महिन्यात कोणी घराबाहेर पडत नाही, मग म्हातारे घरातच सापडतात.

पैशाचं थोडक्यात. संग्रहालयाला मोठ्या इमारतीपेक्षा बारीकसारीक खर्च जड जातात: कागद पिवळा पडू नये म्हणून आम्लरहित पेट्या, दमट हवा शोषणारं सिलिका जेल, लेबलं, फोटो. "अमुक कपाटाच्या पेट्यांसाठी" असं सांगून दिलेली छोटी रक्कम कामी येते. पावती घ्या. संस्थेला देणगीच्या करसवलतीची मान्यता असेल तर जुन्या करपद्धतीत सवलत मिळते, पण दोन हजारांच्या वर रोख दिली तर नाही, आणि वस्तू दिली म्हणून तर नाहीच. कारखान्यांचं निराळं: २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्चावे लागतात, आणि वारसा, कला, संस्कृतीचं जतन त्या यादीत आहे. आमच्या गावाशेजारी कारखाने आहेत. त्यांच्याकडे गणपतीची वर्गणी मागायला जाणारी मंडळी एकदा या कामासाठीही जाऊ शकतात.

वस्तू द्यायचीच ठरली तर तीन गोष्टी सांभाळा. ती कपाटात दिसेलच ही अपेक्षा सोडा; खणात राहूनही ती शिकवते. लेखी करा, दान की उसनी, कोणत्या अटीवर. आणि देण्याआधी घासू नका. पितळेचं भांडं चिंचेने किंवा पितांबरीने लख्ख केलं की त्याच्यावरचा काळ धुतला जातो, झिजलेली अक्षरं आणखी झिजतात. कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. दगडाची, धातूची मूर्ती किंवा चित्र शंभर वर्षांहून जुनं असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली नोंदणी लागते. सचित्र पोथीला मुदत ७५ वर्षांची. घरात देव म्हणून आहे, मग काय नोंद, असं म्हणून चालत नाही.

आणि पांढरीबद्दल. आमच्याकडे धाब्यावर घालायला, शेतात टाकायला गावाजवळच्या पांढऱ्या टेकाडाची माती आणायची जुनी रीत. ती टेकाडं म्हणजे जुन्या वस्त्या. मातीत खापर निघतं, मणी निघतो, तो पोरं खेळायला घेतात. स्वतः खणायला जाऊ नका. निघालंच काही तर जागचा फोटो, गट नंबर, किती हात खोल, एवढं लिहून ठेवा आणि कळवा. मोलाचं काही, नाणी वगैरे, सापडलं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवणं भाग आहे. लपवून सोनाराकडे नेलेलं नाणं वितळलं की राजाचं नावही वितळतं, आणि हाती येते ती फक्त धातूची किंमत.

आमची मापं अजून माळ्यावरच आहेत. वही मात्र पुण्याला गेली. भाचीने तिच्यातून पुढचे प्रश्न काढून पाठवलेत, आणि त्यांतला मोठा प्रश्न मापांचा नाहीच. इंग्रजांच्या गॅझेटियरात नशिराबादच्या नोंदीत एक वाक्य आहे, की इथे काचेच्या बांगड्या होतात. भट्टी कुठल्या गल्लीत होती, काच कुठून यायची, भट्टीला सरपण कोणतं, रंग काय घालायचे, बांगडी किती डझनाने आणि कोणत्या बाजारात जायची, कोणत्या घरांत हे काम होतं आणि कधी बंद पडलं, असं तिने विचारलं आहे. मला यातलं काहीच सांगता आलं नाही. आमचा धंदा दाण्याचा. गावात कोणाच्या आजीने भट्टी पाहिली असेल, कोणाच्या परसात काचेचा वितळलेला गोळा पडला असेल, तर तो आहे तिथेच राहू द्या आणि मला येऊन सांगा. दुकानात दुपारी चारनंतर मी असतो, वही आणि पेन गल्ल्यातच ठेवलंय.